बारा खुर्च्या नेमक्या कुणाच्या?

अहो, हे पुस्तक माझ्यापर्यंत पोचायला इतकी वर्षं का लागली? कुणीच कसं सांगितलं नाही? रशियन साहित्य म्हटलं की आपल्यापुढे टॉलस्टॉय, दस्तयेवस्की, चेखव, गॉर्की ही मंडळी उभी राहतात. बर्फ, कर्ज, क्षय आणि पानोपानी पश्चात्ताप. गोगोलकडे गेलं की हसायला मिळतं, पण ते हसू घशाशी अडकतं. आणि १९२८ साली त्याच देशात, मॉस्कोत 'बारा खुर्च्या' नावाची कादंबरी छापून येते, जी वाचताना माणूस लोळून हसतो! मी इंग्रजी भाषांतरातून वाचली. म्हणजे मूळ मजा निम्मी गळून गेली असणार. उरलेल्या निम्म्यानंच ही अवस्था केली.

गोष्ट ऐका. क्रांतीला दहा वर्षं होत आलीत. इप्पोलित वोरोब्यानिनोव नावाचा एकेकाळचा बडा सरदार आता एका आडगावात मृत्यू आणि विवाहाच्या नोंदी करणारा कारकून झालाय. त्याची सासू मरताना सांगून जाते की घरातल्या बारा खुर्च्यांपैकी एकीच्या गादीत मी माझे हिरे शिवून ठेवलेत. खुर्च्या तर सरकारजमा होऊन देशभर पांगलेल्या. जावई निघतो शोधायला. ज्या पाद्र्यापाशी सासूनं अखेरचा कबुलीजबाब दिला, तोही कबुलीजबाबाची गुप्तता गुंडाळून, दाढी उतरवून त्याच वाटेला लागतो. आणि मग रस्त्यावर उगवतो ओस्ताप बेंडर. पायात मोजे नाहीत, खिशात दमडी नाही, डोक्यात मात्र एकावर एक योजना. आपल्याकडे ठकास महाठक म्हणतात, त्या महाठकाचा हा गुरू.

एका प्रकरणात एलोच्का नावाची मॉस्कोतली नटवी गृहिणी आहे. शेक्सपिअरचा शब्दसंग्रह बारा हजारांचा, नरभक्षक जमातीतल्या माणसाचा तीनशेचा, आणि एलोच्काचं सगळं आयुष्य तीस शब्दांत आरामात भागतं. हे तीस शब्द वापरून ती एका अमेरिकन अब्जाधीशाच्या लेकीशी फॅशनची स्पर्धा करते, आणि त्या लेकीला याचा पत्ताही नाही. दुसरीकडे वास्युकी नावाच्या व्होल्गाकाठच्या गावात ओस्ताप ग्रँडमास्टर म्हणून अवतरतो. आयुष्यात बुद्धिबळ खेळायची त्याची ही दुसरी वेळ. पण त्याआधी तो गावकऱ्यांना पटवून देतो की आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवा, मग राजधानी इथेच येईल, मॉस्कोला वास्युकी म्हणतील, पुढे ग्रहांमधले सामनेही इथेच. गावकऱ्यांचे डोळे विस्फारत जातात आणि आपलेही. विकासाची स्वप्नं विकणारा माणूस असा रंगवलेला मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

तर मी अशी हवेत तरंगत असताना पुढचा धक्का बसला. या लेखकांविषयी आणखी काही वाचावं म्हणून शोधायला गेले, तर कळलं की हे पुस्तक त्यांचं नाहीच असं ठासून सांगणारी मंडळी आहेत! मुखपृष्ठावर नावं आहेत इल्या इल्फ आणि येवगेनी पेत्रोव यांची. आणि या मंडळींच्या मते खरा लेखक कोण? मिखाईल बुल्गाकोव. 'मास्टर आणि मार्गारिटा'वाला बुल्गाकोव! ज्याच्या कादंबरीतल्या त्या बोक्यावर माझा वर्षानुवर्षं जीव आहे तो! नुसती 'बारा खुर्च्या'च नाही, तिचा पुढचा भाग 'सोनेरी वासरू' हाही त्याचाच म्हणे. इरिना अम्लिन्स्की यांनी २०१३ मध्ये यावर अख्खं पुस्तक काढलं आणि त्याच्या नावातच 'बारा खुर्च्या' बुल्गाकोवच्या खात्यावर टाकून मोकळ्या झाल्या.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही.

आधी जागा समजून घेऊ, कारण सगळं घडलं एका इमारतीत. मॉस्को नदीकाठी एक अवाढव्य जुनं अनाथालय होतं. क्रांतीनंतर तिथे कामगार संघटनांची कार्यालयं भरली आणि त्याला नाव पडलं श्रमप्रासाद. तिथेच 'गुदोक' या रेल्वे कामगारांच्या दैनिकाची कचेरी होती. गुदोक म्हणजे भोंगा. कुठल्याशा स्टेशनवरचा कामगार तक्रार लिहून पाठवायचा की दिवे नाहीत, साहेब दारू पितो, पगार अडलाय. आणि चौथ्या पानासाठी या पत्रांचे चटकदार तुकडे करायचं काम संपादकीय टेबलावर चालायचं. ते करणारा एक चष्मेवाला, कमी बोलणारा गृहस्थ म्हणजे इल्फ. ओदेसाचा. खरं नाव फाइनझिल्बेर्ग. त्याच दैनिकात विनोदी लेख लिहून पोट भरणारा, कीव्हहून आलेला माजी डॉक्टर म्हणजे बुल्गाकोव. तिथेच यूरी ओलेशा, तिथेच वालेंतिन कतायेव. आणि कतायेवचा धाकटा भाऊ, ओदेसाच्या गुन्हे अन्वेषण खात्यात नोकरी करून आलेला येवगेनी. भावाचं नाव आधीच गाजलेलं, म्हणून यानं बापाच्या नावावरून पेत्रोव हे टोपणनाव घेतलं. एका दैनिकाच्या पगारपत्रकावर एवढी नावं! आपल्याकडच्या कुठल्या वृत्तपत्राला हा योग आला असेल, तर मला जरूर सांगा.

आता बुल्गाकोवच्या बाजूचे मुद्दे. ऐकायला ते झकास आहेत, हे मान्य करायलाच हवं. पहिला: या दोघांनी त्याआधी किरकोळ विनोदी मजकूर लिहिला होता, मग एकदम एवढी उडी कशी? दुसरा: वेग. १९२७च्या उन्हाळ्याअखेरीस विषय सुचला, १९२८च्या जानेवारीत कादंबरी संपली, आणि त्याच जानेवारीत 'तीस दिवस' या मासिकात ती क्रमशः छापायलाही लागली. म्हणजे लेखक शेवटचं पान लिहितायत आणि पहिली प्रकरणं छापखान्यात! कोण संपादक दोन नवख्यांवर एवढा भरवसा टाकेल? तिसरा: साम्यं. बुल्गाकोवच्या 'झोयकाचं घर' या १९२६ सालच्या नाटकातला अमेतिस्तोव हा गोडबोल्या लफंगा ओस्तापचा सख्खा भाऊ शोभावा. सामायिक घरांतली भांडणं, कचेऱ्यांचा गोंधळ, नाटकवाल्यांची टर हे सगळं बुल्गाकोवकडेही सापडतं. अम्लिन्स्की यांनी दोन्हीकडची वाक्यं शेजारी शेजारी मांडलीत.

आणि चौथा मुद्दा म्हणजे तर थ्रिलरच. ७ मे १९२६ रोजी गुप्त पोलिसांनी बुल्गाकोवच्या घराची झडती घेतली आणि त्याच्या 'कुत्र्याचं काळीज' या लघुकादंबरीचं हस्तलिखित आणि डायऱ्या उचलून नेल्या. हे मात्र घडलेलं आहे, ते कुणाच्या कल्पनेतलं नाही. त्यावर या मंडळींचा इमला असा: सरकारला पक्षातल्या विरोधी गटाची खिल्ली उडवणारी कादंबरी हवी होती, बुल्गाकोवला पैसा हवा होता आणि संरक्षणही हवं होतं, त्याच्या नावावर मात्र काही छापणं अवघड होतं. तेव्हा कतायेवनं दोन निरुपद्रवी नावं पुढे केली. झालं!

वाचताना अंगावर काटा येतो. पण मी आता कट्टर दुसऱ्या बाजूची आहे, आणि का ते सांगते.

मूळ हस्तलिखित आहे! मॉस्कोच्या सरकारी साहित्य संग्रहात ते जपून ठेवलंय आणि ते पेत्रोवच्या हातचं आहे. शिवाय दुरुस्त्या केलेली टंकलिखित प्रत आहे. मिखाईल ओदेस्की आणि दाविद फेल्दमन या दोन अभ्यासकांनी हे सगळं तपासून १९९७ मध्ये कादंबरीची न कापलेली आवृत्ती टिपांसह काढली. मासिकात ३७ प्रकरणं, १९२८च्या पुस्तकात ४१, पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत ४०. दर वेळी काहीतरी गळतंय, काहीतरी परत येतंय. बुल्गाकोववाद्यांना यावर म्हणावं लागतं की पेत्रोवनं दुसऱ्याचा मजकूर स्वतःच्या अक्षरात उतरवून काढला. बरं, उतरवला. मग उतरवणारा माणूस इतकी खाडाखोड, इतकी बदलाबदल कशाला करील? शोलोखोवच्या डॉनवरच्या कादंबरीच्या लेखकत्वाचा वाद इतकी दशकं धुमसला त्याचं एक मोठं कारण म्हणजे तिचं हस्तलिखित कुणाला दाखवता येत नव्हतं. ते १९९९ मध्ये संग्रहात आलं. इथे तर कागद आहेत.

मग इल्फच्या वह्या. हा माणूस कानावर पडलेलं सगळं टिपायचा. विचित्र आडनावं, दुकानांच्या पाट्या, ट्राममधलं अर्धं वाक्य, एखाद्या मूर्खाचा एखादाच उद्गार. पुढे त्याच्या लेकीनं, अलेक्सांद्रा इल्फनं, या वह्या नीट संपादून छापल्या. कादंबऱ्यांतले कितीतरी विनोद तिथे कच्च्या रूपात पडलेले दिसतात, नुसते, पात्राविना, प्रसंगाविना.

आणि पेत्रोवच्या आठवणी! इल्फ गेल्यावर त्यानं लिहिलेल्या. त्या वाचल्यावर माझ्यापुरता खटला निकालात निघाला. दिवसभर कचेरीचं काम करायचं आणि रात्री त्याच रिकाम्या श्रमप्रासादात बसून कादंबरी लिहायची. सुरुवातीला लेखणी पुढेच सरकेना. त्यांना वाटलेलं, दोघं आहोत तर काम निम्मं होईल. झालं दुप्पट. प्रत्येक वाक्यावर वाद. त्यातून एक नियम निघाला: एकच शब्द दोघांनाही एकाच वेळी सुचला, तर तो टाकून द्यायचा. दोघांना सुचला म्हणजे तो तिसऱ्या-चौथ्यालाही सुचला असता, फार जवळचा होता. केवढी बारीक गोष्ट आहे ही! हे वाचल्यापासून मी त्यांची वाक्यं पुन्हा काढून पाहतेय आणि जिथे विशेषण अनपेक्षित वळण घेतं, तिथे मला टाकून दिलेला सोपा शब्द दिसायला लागलाय.

ओस्ताप म्हणे मुळात बिनमहत्त्वाचं पात्र होता. एक-दोन प्रसंगांपुरता. एका ओळखीच्या माणसाच्या तोंडचं वाक्य त्याच्यासाठी राखून ठेवलेलं, तेवढंच. पण गडी प्रत्येक प्रकरणात घुसायला लागला, आणि अखेरीस तर दोघं त्याच्यावर जिवंत माणसावर चिडावं तसे चिडायचे. शेवटी त्याला मारायचं की ठेवायचं यावरून जोराचं भांडण झालं. तोडगा काय, तर साखरेच्या भांड्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या. एका चिठ्ठीवर थरथरत्या हातानं कवटी काढलेली आणि खाली कोंबडीची दोन हाडं. कवटी निघाली. अर्ध्या तासात ओस्तापच्या गळ्यावरून वस्तरा फिरला. (पुढच्या कादंबरीत तो गळ्यावरच्या खुणेसकट हजर आहे. वाचकांनी सोडलं नसतं.)

आणि हे पाहा. जानेवारीच्या थंडीत कादंबरी पूर्ण झाली. फाईल घेऊन दोघं घरी निघाले. इल्फला धास्ती, वाटेत हरवली तर? त्यानं एका कागदावर लिहिलं की सापडल्यास कृपया अमुक पत्त्यावर परत करावी, आणि तो कागद फाईलच्या आतल्या बाजूला व्यवस्थित डकवला. ज्यानं दुसऱ्याचं लिखाण नावावर घेतलंय, तो आपल्या आठवणींत असले तपशील रचेल का? रचेलही. कोडगा असेल तर रचेल. पण मला साखरेचं भांडं आणि कोंबडीची हाडं रचलेली वाटत नाहीत.

खरी गंमत 'सोनेरी वासरू'पाशी आहे. त्यात पत्रकारांनी भरलेली एक खास आगगाडी मध्य आशियात नव्या रेल्वेमार्गाच्या जोडणीला जाते आणि ओस्ताप त्यात घुसतो. हा मार्ग म्हणजे तुर्कसिब, तुर्केस्तान आणि सैबेरिया जोडणारा. त्याची जोडणी झाली एप्रिल १९३० मध्ये, आणि त्या पत्रकारांच्या गाडीत इल्फ आणि पेत्रोव स्वतः होते. वाळवंट, भाषणं, मेजवानी, प्रवाशांची टिंगल, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. आणि त्याच एप्रिलमध्ये बुल्गाकोव कुठे होता? मॉस्कोत, घरी. सगळी नाटकं बंद पडलेली. मार्चअखेरीस त्यानं सरकारला पत्र लिहिलं होतं की काम द्या, नाहीतर देशाबाहेर जाऊ द्या. १८ एप्रिलला फोन वाजला, पलीकडे स्टालिन! हे दोन प्रसंग मी एकाच महिन्यात शेजारी ठेवून पाहिले तेव्हा खुर्चीतून उठून फेऱ्याच मारायला लागले. त्या आठवड्यांत त्या माणसानं ओस्तापच्या गमतीजमती लिहिल्या असतील? कल्पना करवत नाही. आणि १९२७-२८ मध्ये तरी त्याला कुठे उसंत होती? रंगभूमीवर त्याची नाटकं चाललेली, शिवाय 'पलायन' हे नाटक हातात घेतलेलं.

मग साम्यं कशी आली? अहो, एकाच कचेरीत, एकाच चौथ्या पानासाठी, त्याच स्टेशनमास्तरांची टर उडवत ही सगळी पोरं घडली. एकमेकांचे विनोद ऐकले, चोरले, सुधारले. 'बारा खुर्च्या'त एक अजस्र कार्यालयी इमारत आहे. तिच्या न संपणाऱ्या बोळांतून ओस्तापनं जिच्याशी लग्न केलं ती बिचारी विधवा त्याचा पाठलाग करत हरवून जाते. ती इमारत म्हणजे यांचाच श्रमप्रासाद. लेखक रात्री तिथेच बसून ते बोळ लिहीत होते, आणि बुल्गाकोवही कधीकाळी त्याच बोळांतून मानधन मागत फिरलेला. तिघांच्या बोलण्यात एकच वास यायला आणखी काय लागतं?

मला विचाराल तर खरा संशयित वेगळाच आहे. थोरला भाऊ, कतायेव. खुर्च्यांतल्या हिऱ्यांची कल्पना त्याची. फ्रेंच कादंबरीकार ड्यूमाकडे म्हणे पडद्याआड लिहिणारे मदतनीस होते, तशी यानं या दोघांना कामाला लावायची टूम काढली: तुम्ही लिहा, मी शेवटी उस्तादाचा हात फिरवीन, तिघांच्या नावानं छापू. काही आठवड्यांनी परत येऊन त्यानं लिहिलेलं ऐकलं आणि सांगितलं की माझा हात फिरवायची गरज नाही, तुमचं तुम्ही करा. अटी दोन. प्रत्येक आवृत्तीत अर्पणपत्रिका माझ्या नावे, आणि पहिल्या पैशातून मला सोन्याची सिगारेट केस. अर्पणपत्रिका आजही आहे. केसही दिली, पण बायकांची, छोटी! कतायेव खवळला. इल्फचं उत्तर असं की करारात पुरुषांची की बायकांची हे ठरलेलं नव्हतं. कतायेवनं हा किस्सा म्हातारपणी स्वतःच छापला. असा माणूस दुसऱ्याच्या पुस्तकातलं श्रेय सोडेल? इतका हावरट, इतका दिलदार? ओदेस्की-फेल्दमन यांनाही या 'मदतनीसां'च्या गोष्टीबद्दल शंका आहेत. त्यांच्या मते संपादकांशी आधीच बोलणी झालेली असावीत आणि भरवसा कतायेवच्या नावावर मिळाला असावा. मला हे पटतं, कारण जानेवारीच्या त्या घाईचा उलगडा यातून होतो आणि कुणाला खोटारडं ठरवावं लागत नाही.

पुढचं लवकर सांगते. इल्फ १९३७ मध्ये क्षयानं गेला. पेत्रोव युद्ध वार्ताहर झाला आणि २ जुलै १९४२ रोजी वेढा पडलेल्या सेवास्तोपोलहून परतताना विमान कोसळून गेला. दोघांनीही चाळिशी पाहिली नाही. १९४८ मध्ये दोन्ही कादंबऱ्या पुन्हा छापल्या गेल्या आणि लगेच लेखक संघानं त्यांच्यावर झोड उठवली. १९५६ पर्यंत पुस्तकं गायब. त्यानंतर जी आली ती गेलीच नाहीत. मेल ब्रुक्सनं १९७० मध्ये अमेरिकेत 'बारा खुर्च्या'वर सिनेमा केला, पुढच्याच वर्षी गायदाईनं रशियात केला.

एक मात्र मला वाद घालणाऱ्या सगळ्यांना विचारायचंय. तुम्ही शैलीवरून लेखक ओळखायला निघालात, तर 'एकमजली अमेरिका'चं काय करणार? १९३५-३६ च्या हिवाळ्यात हे दोघं मोटारीतून अमेरिका फिरून आले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. तोवर इल्फची प्रकृती खालावलेली, म्हणून पहिल्यांदाच प्रकरणं वाटून घेतली. वीस इल्फनं एकट्यानं, वीस पेत्रोवनं एकट्यानं, सात दोघांनी मिळून. एका हुशार समीक्षकानं पैज मारल्यासारखं ठरवलं की कुठलं कुणाचं ते मी सहज सांगतो. त्याला ओळखता आलं नाही, हे पेत्रोवनंच लिहून ठेवलंय. शंकर-जयकिशनची कुठली चाल कुणाची यावर जन्मभर भांडणाऱ्यांसारखी त्याची गत झाली. दहा वर्षं शब्दाशब्दावर भांडून दोघांचा मिळून एक तिसराच लेखक तयार झाला होता, आणि तो बुल्गाकोव नव्हता.

ते पुस्तक आता माझ्या हातात आहे. त्या प्रवासात इल्फनं काढलेल्या फोटोंवरूनही गंमत आहे. यानं कॅमेऱ्याचं वेड घेतलं तेव्हा पेत्रोवनं त्याला कॅमेऱ्यासाठी आठशे रूबल उसने दिले, आणि मग लोकांना सांगत सुटला की माझे पैसेही गेले आणि सहलेखकही गेला. मी प्रत्येक प्रकरण संपलं की समासात पेन्सिलीनं 'इ' किंवा 'पे' लिहिते. न्यूयॉर्कच्या हॉटेलाचं प्रकरण नक्की इल्फचं. म्हणजे सकाळपर्यंत नक्की होतं. दुपारी पुन्हा वाचलं आणि 'इ' खोडून 'पे' केलंय.